ब्रोकरची फाइल हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट उतरत नाही? आधी हे तपासा, मग स्क्रिप्ट उघडा

ब्रोकरच्या संकेतस्थळावरून व्यवहारांची सीएसव्ही फाइल (रकाने स्वल्पविरामाने तोडलेली साधी मजकूर फाइल) उतरवायची, पायथन भाषेत लिहिलेल्या एका छोट्या स्क्रिप्टने, म्हणजे प्रोग्रामने, तिची ओएफएक्स फाइल (हिशेबाच्या सॉफ्टवेअरना कळणारा व्यवहारांचा फाइल प्रकार) करायची आणि ती ग्नूकॅशसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला द्यायची, हे काम मी बरीच वर्षं दर महिन्याला करते आहे. स्वतःची स्क्रिप्ट किती वेळा दुरुस्त केली त्याची गणती नाही. ओळखीतल्यांच्या स्क्रिप्टही माझ्याकडे येतात आणि दुखणी बहुतेक वेळा तीच निघतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचा क्रम त्यावरच बेतलेला आहे. काल चालणारी स्क्रिप्ट आज आपोआप बिघडत नाही, बहुधा तिच्याकडे येणारी फाइल बदललेली असते. दुसरं म्हणजे, त्रुटीचा संदेश देऊन थांबणारी स्क्रिप्ट ही अडचण लहान असते. खरी भीती असते ती मुकाट्याने चुकीचे आकडे लिहून मोकळ्या होणाऱ्या स्क्रिप्टची. एकदा माझ्या वहीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या हिशेबात, सलग सात महिने लाभांश आलाच नव्हता. ब्रोकरने व्यवहाराच्या प्रकारात 'लाभांश'च्या जागी 'रोख लाभांश' लिहायला सुरुवात केली होती. स्क्रिप्टला तो शब्द माहीत नव्हता, तिने त्या ओळी सोडून दिल्या. कुठेही लाल अक्षर दिसलं नाही.

लक्षणं

यातलं कोणतं तुमचं, ते आधी ठरवा.

- स्क्रिप्ट बिनतक्रार चालते, पण तयार झालेल्या फाइलमध्ये एकही व्यवहार नसतो किंवा मोजकेच असतात.
- 'अमुक रकाना सापडला नाही' असं सांगून ती थांबते आणि तो रकाना तर तुमच्या डोळ्यांसमोर असतो.
- काही व्यवहार भलत्याच महिन्यात जाऊन बसतात, किंवा सगळेच एक दिवस मागे सरकतात.
- मागच्या महिन्यात घेतलेले व्यवहार पुन्हा येतात आणि वहीत दुबार नोंदी होतात.
- शेअरची संख्या जुळते, रोख शिल्लक जुळत नाही.
- एकच कंपनी दोन नावांनी दिसते, काही शेअर एका नावावर आणि उरलेले दुसऱ्या.
- रक्कम शंभरपट फुगते.
- हिशेबाचं सॉफ्टवेअर तयार फाइल घ्यायलाच नकार देतं.

काही तपासण्याआधी दोन प्रती करून ठेवा. एक हिशेबाच्या वहीची, दुसरी ब्रोकरकडून आलेल्या मूळ फाइलची. ग्नूकॅश एक्सएमएल प्रकारात सेव्ह करताना जुनी प्रत तारीख-वेळेसह बाजूला ठेवतं, पण त्यावर विसंबू नका. चुकीचे दोनशे व्यवहार वहीत गेल्यावर एकेक पुसत बसण्यापेक्षा जुनी वही परत आणणं केव्हाही सोपं. दुरुस्ती चालू असेपर्यंत खऱ्या वहीत काहीही इम्पोर्ट करायचं नाही, प्रतीतच करून बघायचं.

१. फाइल खरंच तीच आहे ना?

याला दोन मिनिटं लागतात आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये त्याच नावाची फाइल आधीपासून असेल, तर ब्राउझर नवीन फाइलच्या नावापुढे कंसात १, २ असा आकडा जोडतो. स्क्रिप्ट मात्र जुन्याच नावाची फाइल उचलते, म्हणजे मागच्याच महिन्याचे व्यवहार पुन्हा वाचते. फाइलची वेळ, आकार आणि आतल्या तारखा पाहा. दोन खाती असतील तर खातं बरोबर आहे का, तेही पाहा.

मग ती फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. पहिल्याच ओळीत कोनी कंस आणि वेबपानाची खूण दिसली, तर तुमच्या हातात व्यवहारांची फाइल नाहीच. लॉगिनची मुदत संपलेली असताना बटण दाबलं, की कधी कधी सर्व्हर लॉगिनचं पानच सीएसव्हीच्या नावाने पाठवतो. काही ब्रोकर 'एक्सेल' म्हणून जी फाइल देतात तीही आतून वेबपानावरचं कोष्टकच असते. स्प्रेडशीट ती निमूट उघडतं, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही.

२. फाइल मध्ये कधी स्प्रेडशीटमध्ये उघडून सेव्ह केली होती का?

'नुसती बघितली, काही बदललं नाही' हे मी कितीतरी वेळा ऐकलं आहे. सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. बदल स्प्रेडशीटने केलेला असतो आणि सेव्ह करताच तो कायमचा होतो.

उदाहरण घ्या. ॲपलच्या शेअरचा क्युसिप क्रमांक (अमेरिकेत शेअर-रोखे ओळखण्याचा नऊ जागांचा क्रमांक) ०३७८३३१०० आहे. सीएसव्ही स्प्रेडशीटमध्ये उघडली की तो आकडा समजला जातो आणि पुढचं शून्य गळून ३७८३३१०० उरतं. स्क्रिप्ट नऊ अंकी क्रमांक शोधते, तिला आठ अंकी मिळतो, आणि तुमच्या वहीत 'अनोळखी' शेअर तयार होतो. लांबलचक व्यवहार क्रमांकांचं आणखी वाईट होतं. एक्सेल पंधरा सार्थ अंकांपर्यंतच अचूक राहतं, त्यापुढच्या अंकांच्या जागी शून्यं येतात. त्यामुळे दोन वेगळे व्यवहार एकाच क्रमांकाचे दिसू लागतात. तारखांचं काय होतं हे तर जनुकशास्त्राच्या अभ्यासकांनी पुरतं भोगलं आहे. मानवी जनुकांची काही लघुनावं महिन्यांच्या नावांसारखी होती, एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. शेवटी २०२० साली जनुकांच्या नामकरण समितीने नावं देण्याचे नवे नियम प्रसिद्ध केले आणि अशी नावंच बदलली.

उपाय सरळ आहे. ब्रोकरकडून फाइल पुन्हा उतरवा आणि थेट स्क्रिप्टला द्या. बघायचीच असेल तर प्रत करून प्रत बघा. मी मूळ फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते आणि त्यांना 'फक्त वाचण्यासाठी' करून टाकते.

३. जुनी, चाललेली फाइल पुन्हा चालवून बघा

सगळ्या तपासण्यांतली ही सर्वांत मोलाची आणि लोक हमखास विसरतात ती हीच. मागच्या महिन्यात जी फाइल नीट उतरली होती, तीच आज त्याच स्क्रिप्टला द्या. ती आजही नीट उतरली, तर स्क्रिप्ट आणि संगणक दोन्ही ठणठणीत आहेत आणि दोष नव्या फाइलमध्ये आहे. तीही अडली, तर फाइलचा काही संबंध नाही. पायथन अद्ययावत झालं असेल, एखादी लायब्ररी (स्क्रिप्ट वापरते तो दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) बदलली असेल, किंवा तुम्हीच कधीतरी स्क्रिप्टमध्ये काहीतरी हलवलं असेल. शोधाचं अर्धं रान या एका तपासणीने साफ होतं.

लायब्ररी बदलणं ही काल्पनिक गोष्ट नाही. पांडाज या लायब्ररीने २०२३ च्या एप्रिलमध्ये आलेल्या २.० आवृत्तीत तारखा ओळखण्याची पद्धत बदलली. त्याआधी ती प्रत्येक तारखेचा वेगवेगळा अंदाज करायची. नंतर पहिल्या तारखेवरून साचा ठरवून तोच सगळ्यांना लावू लागली. स्क्रिप्टचं अक्षरही न बदलता तिचं वागणं बदललं. म्हणून स्क्रिप्टसाठी वेगळं पायथन वातावरण करा आणि लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या लिहून ठेवा.

जुनी फाइल जपून ठेवलेली नसेल, तर आजपासून ठेवा. खरेदी, विक्री, लाभांश, शुल्क असं सगळं एकेकदा आलेली फाइल निवडा आणि तिच्यापासून तयार झालेली बरोबर ओएफएक्स फाइलही तिच्याशेजारी ठेवा.

४. दोन्ही फाइलींचं डोकं आणि शेपूट शेजारी ठेवून वाचा

दोष नव्या फाइलमध्ये आहे असं ठरलं, की जुन्या आणि नव्या फाइलच्या पहिल्या दहा आणि शेवटच्या दहा ओळी समोरासमोर लावा. रकान्यांच्या शीर्षकांची ओळ अक्षर न् अक्षर ताडून बघा. 'संख्या'चं 'प्रमाण' झालेलं असतं, मध्येच नवा रकाना घुसलेला असतो, शीर्षकाच्या वर 'खाते क्रमांक, कालावधी' अशा तीन-चार ओळी वाढलेल्या असतात. शेवटी कायदेशीर सूचनेचा परिच्छेद चिकटवायची सवयही अनेक ब्रोकरांना असते. तुमची स्क्रिप्ट रकाना त्याच्या क्रमांकावरून शोधत असेल, तर नवा रकाना घुसताच ती किमतीला शुल्क समजू लागेल आणि थांबणारही नाही. रकाने नेहमी नावाने शोधा, आणि शीर्षकाची ओळ 'चौथी' म्हणून न धरता ओळखीची दोन-तीन शीर्षकं जिथे सापडतील ती, अशी धरा.

शीर्षकं तंतोतंत सारखी दिसत असतील आणि तरी पहिलाच रकाना सापडत नसेल, तर बीओएमचा संशय घ्या. यूटीएफ-८ (अक्षरं साठवण्याची सर्रास वापरली जाणारी पद्धत) फाइलच्या अगदी सुरुवातीला कधी कधी बीओएम नावाची तीन बाइटची एक खूण असते. एडिटर ती दाखवत नाही. पायथन मात्र साध्या यूटीएफ-८ ने वाचताना ती पहिल्या शीर्षकाला चिकटवून देतं, म्हणून 'तारीख' या नावाशी जुळणी होत नाही. फाइल वाचताना खूण गाळणारा 'यूटीएफ-८-सिग' हा प्रकार सांगितला की काम झालं. कित्येक तास खाणाऱ्या दुखण्याचा हा एका शब्दाचा इलाज आहे. शीर्षकापुढे किंवा मागे असलेली न दिसणारी जागाही अशीच फसवते, तीही छाटून घ्या.

५. आकडे कसे लिहिले आहेत?

'१,२३४.५०' आणि '१.२३४,५०' या दोन्ही जगभर चालणाऱ्या रीती आहेत. दुसऱ्या रीतीत स्वल्पविराम हाच दशांशचिन्ह असतो, म्हणून तिथल्या सीएसव्हीत रकाने अर्धविरामाने तोडलेले असतात. ब्रोकरच्या संकेतस्थळाची भाषा बदलली की फाइलची रीतही गुपचूप बदलू शकते. स्क्रिप्ट जर सगळे स्वल्पविराम पुसून टाकत असेल, तर '१२,५०' चे १२५० होतात. रक्कम शंभरपट फुगण्याचं हे पहिलं कारण.

उणे आकड्यांची तीन रूपं बघा. पुढे साधी आडवी रेघ, कंसात आकडा, किंवा रेघेसारखं दिसणारं पण वेगळं असलेलं युनिकोडमधलं उणे चिन्ह. दोष डोळ्यांना दिसत नसला, तर ते अक्षर कॉपी करून त्याचा सांकेतिक क्रमांक बघा.

रकमांसाठी पायथनचा फ्लोट हा अपूर्णांक साठवण्याचा नेहमीचा प्रकार वापरू नका, डेसिमल हा अचूक दशांशाचा प्रकार वापरा. फ्लोटच्या द्विमान, म्हणजे ०-१ च्या, पद्धतीत ०.१ अचूक मांडताच येत नाही. ०.१ आणि ०.२ ची बेरीज फ्लोटमध्ये ०.३००००००००००००००…४ येते. एका व्यवहारात हे जाणवत नाही, पण 'विकून शून्य झालेले' शेअर वहीत चिमूटभर शिल्लक दिसतात ते यामुळेच.

६. तारखा

इथे जरा थांबून वाचा, कारण सर्वांत जास्त गुपचूप चुका इथेच होतात.

'०३/०४' ही ३ एप्रिल की ४ मार्च, हे त्या आकड्यांकडे बघून कोणालाच सांगता येणार नाही. दिवस १२ च्या पुढे गेला की मात्र उत्तर एकच उरतं. त्यामुळे अंदाजाने चालणारी स्क्रिप्ट १३ तारखेपासून पुढचे व्यवहार बरोबर वाचते आणि १ ते १२ मधले उलटे. अर्धी फाइल बरोबर असल्यामुळे आपल्याला संशयच येत नाही. अंदाज करू देऊ नका, आधी दिवस की आधी महिना हा साचा लिहून द्या, म्हणजे न जुळणारी तारीख आली की स्क्रिप्ट थांबेल.

उलटलेल्या तारखा पकडायची माझी एक युक्ती आहे. तयार झालेल्या फाइलमधल्या खरेदी-विक्रीच्या तारखांचे वार काढा. बहुतेक शेअर बाजार शनिवारी-रविवारी बंद असतात. सुट्टीच्या वारी खरेदी दिसली, किंवा पुढच्या महिन्यातली तारीख दिसली, तर दिवस-महिना बहुधा उलटले आहेत. ही तपासणी मी स्क्रिप्टच्या शेवटी कायमचीच घालून ठेवली आहे.

सगळे व्यवहार नेमके एक दिवस मागे सरकत असतील, तर कारण वेगळं. ओएफएक्समध्ये तारखेला वेळही असते आणि वेळक्षेत्र सांगितलं नाही तर ती ग्रिनिचची वेळ धरली जाते. स्क्रिप्टने मध्यरात्रीची ००:०० वेळ लिहिली, तर ग्रिनिचच्या पश्चिमेला असलेल्या संगणकावर ती आदल्या दिवशीची संध्याकाळ होते. वेळ दुपारी १२ ची लिहा. मग जवळजवळ कुठल्याही वेळक्षेत्रात दिवस तोच राहतो.

आणखी एक. फाइलमध्ये सौद्याची तारीख आणि पूर्ततेची (शेअर आणि पैसे प्रत्यक्ष हातबदल होण्याची) तारीख असे दोन रकाने असतात. काही स्क्रिप्ट एकच तारीख घेऊन दुसरी 'दोन दिवसांनी' अशी स्वतः मोजतात. भारतात जानेवारी २०२३ मध्ये आणि अमेरिकेत २८ मे २०२४ पासून शेअरची पूर्तता एका दिवसावर आली, तेव्हा या स्क्रिप्ट चुकू लागल्या. मोजू नका, फाइलमधली तारीख घ्या.

७. दुबार नोंदी

ओएफएक्समधल्या प्रत्येक व्यवहाराला एफआयटीआयडी नावाचा क्रमांक असतो आणि एका खात्यात तो पुन्हा येता कामा नये. हिशेबाचं सॉफ्टवेअर त्याच्यावरूनच 'हा व्यवहार आधी घेतला आहे' हे ओळखतं. क्यूआयएफ या जुन्या फाइल प्रकारात असा क्रमांकच नसतो, म्हणून निवड असेल तर ओएफएक्सच घ्या.

ब्रोकरच्या सीएसव्हीत व्यवहार क्रमांक असेल तर तोच वापरा, डोकं चालवू नका. नसेल तर स्क्रिप्टला तो तयार करावा लागतो आणि इथे चार खड्डे आहेत.

ओळीच्या क्रमांकावरून तयार केला, तर पुढच्या वेळी कालावधी बदलून उतरवलेल्या फाइलमध्ये त्याच व्यवहाराची ओळ बदलते. सगळं दुबार येतं.

पायथनच्या अंगभूत हॅश फंक्शनवरून (मजकुरावरून एक आकडा काढून देणाऱ्या सोयीवरून) तयार केला, तर ३.३ आवृत्तीपासून अक्षरमालिकांचा हॅश दर वेळी प्रोग्राम चालवताना वेगळा येतो. हे सुरक्षेसाठी मुद्दाम केलेलं आहे. सकाळी आणि संध्याकाळी तीच फाइल चालवली तरी क्रमांक वेगळे. शा-२५६ सारखी कायम तेच उत्तर देणारी पद्धत घ्या.

व्यवहाराचं वर्णन त्यात मिसळलं, तर ब्रोकर 'प्रलंबित' हा शब्द नंतर काढतो आणि क्रमांक बदलतो. तारीख, शेअर, प्रकार, संख्या, रक्कम एवढंच घ्या.

चौथा खड्डा उलट्या बाजूचा आहे. एकच ऑर्डर तुकड्यांत पूर्ण होते, तेव्हा एकाच दिवशी, एकाच भावाने, दहा-दहा शेअरच्या दोन हुबेहूब ओळी खरोखर येऊ शकतात. दोघींचा क्रमांक सारखा आला की सॉफ्टवेअर दुसरी टाकून देतं. म्हणून हुबेहूब ओळींना त्यांच्यातला अनुक्रम जोडा, पहिली, दुसरी, तिसरी.

आणि आता सावधगिरीचा शब्द. क्रमांक बनवण्याची पद्धत बदललीत, की आधी इम्पोर्ट केलेले सगळे व्यवहार सॉफ्टवेअरला नवे वाटणार. म्हणून एक तारीख ठरवा, तिच्या आधीचे व्यवहार स्क्रिप्टने लिहायचेच नाहीत आणि नवी पद्धत त्या तारखेपासून पुढे. दुबार नोंदी घालवायच्या उत्साहात पाच वर्षांचा हिशेब दुबार करून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

८. प्रत्येक ओळीचा ताळा

संख्या जुळते पण रोख जुळत नाही, अशा वेळी हाच उपाय. खरेदी असेल तर संख्या गुणिले भाव अधिक शुल्क, विक्री असेल तर संख्या गुणिले भाव वजा शुल्क, आणि उत्तर फाइलमधल्या निव्वळ रकमेशी जुळलं पाहिजे. स्क्रिप्टलाच हा ताळा प्रत्येक ओळीवर करायला लावा आणि न जुळणाऱ्या ओळी छापायला सांगा.

न जुळणाऱ्या ओळी स्वतःच कारण सांगतात. फरक नेमका शुल्काइतका असेल, तर ब्रोकरने शुल्क आधीच भावात धरलं आहे आणि तुम्ही दुसऱ्यांदा वजा करताय. फरक शंभरपट असेल आणि तो रोखा म्हणजे बाँड असेल, तर बाँडचा भाव बहुधा दर्शनी मूल्याच्या शेकड्यावर सांगितलेला असतो. ५००० दर्शनी मूल्य ९८.५० भावाने घेतलं तर रक्कम ४९२५ होते, ४,९२,५०० नाही. फरक किरकोळ असेल, तर दाखवलेला भाव हा अनेक तुकड्यांची गोळाबेरीज केलेली सरासरी असतो. ३०० शेअर १०,००० ला पडले, तर भाव ३३.३३ छापला जातो आणि गुणाकार ९,९९९ येतो. अशा वेळी संख्या आणि रक्कम खरी माना, भाव त्यांच्यावरून काढा. पैसा खात्यातून जेवढा गेला तेवढाच गेला, भाव हे नुसतं वर्णन आहे.

चिन्हंही इथेच सापडतात. ओएफएक्समध्ये खरेदीची एकूण रक्कम उणे असते, विक्रीत रक्कम अधिक आणि संख्या उणे. अनेक ब्रोकर मात्र सगळं अधिक लिहून 'खरेदी' किंवा 'विक्री' एवढंच सांगतात.

पुन्हा गुंतवलेला लाभांश नीट बघा. काही फाइलींत त्याची एकच ओळ असते, काहींत दोन, लाभांश जमा आणि मग खरेदी. एकाच ओळीच्या व्यवहाराला साधी खरेदी समजलात तर रोख शिल्लक तेवढी कमी पडत जाते.

आणि माझा सात महिन्यांचा लाभांश ज्यामुळे हरवला, ते दुरुस्त करा. व्यवहाराचा प्रकार ओळखीचा नसेल तर ओळ सोडून देऊ नका. स्क्रिप्ट तिथेच थांबली पाहिजे आणि तो शब्द मोठ्याने सांगितला पाहिजे. मुद्दाम सोडायचे प्रकार असतील तर त्यांची वेगळी यादी करा. शेवटी 'वाचलेल्या ओळी इतक्या, लिहिलेल्या इतक्या, सोडलेल्या इतक्या' असं छापा. बेरीज जुळली नाही तर फाइल लिहायचीच नाही.

९. शेअरची ओळख आणि सॉफ्टवेअरचा नकार

एकच कंपनी दोन नावांनी दिसत असेल तर तुमची स्क्रिप्ट बाजारातल्या लघुनावावर विसंबते आहे. लघुनाव बदलतं. फेसबुकच्या शेअरचं 'एफबी' ९ जून २०२२ रोजी 'मेटा' झालं. आयसिन या शेअरच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकावर विसंबणं बरं. तो बारा अक्षरांचा असतो, पहिली दोन देशाची आणि शेवटचा अंक पडताळणीचा, म्हणून तुटलेला क्रमांक स्क्रिप्टला पकडताही येतो. कंपन्यांच्या पुनर्रचनेत आयसिनही बदलू शकतो, तेव्हा जुना-नवा जोडणारी छोटी यादी हाताने ठेवावी लागते.

सॉफ्टवेअर फाइलच नाकारत असेल तर तीन जागा बघा. व्यवहारात आलेला प्रत्येक शेअर ओएफएक्समधल्या शेअरच्या यादीतही असावा लागतो. कंपनीच्या नावातलं '&' हे चिन्ह तसंच लिहून चालत नाही, त्याचं '&' हे सांकेतिक रूप लिहावं लागतं. आणि ओएफएक्सच्या १.० मालिकेतल्या फाइलींत वरच्या माहितीनंतर एक रिकामी ओळ हवी, ती एडिटरने किंवा स्क्रिप्टने खाल्लेली असते.

१०. नेमका कोणत्या दिवशी हिशेब फाटला?

वरचं सगळं करूनही शिल्लक जुळत नसेल, तर दोष जुना आहे. ब्रोकरच्या विवरणपत्रातली एखादी मधली तारीख घ्या आणि त्या दिवशीचे शेअर आणि रोख वहीशी ताडून बघा. जुळलं तर दोष नंतरचा, नाही तर आधीचा. उरलेल्या भागाचा पुन्हा मध्य घ्या. हजार व्यवहारांतून चुकीचा व्यवहार दहा-अकरा वेळा ताडण्यात सापडतो. पहिल्यापासून एकेक तपासत बसलात तर शनिवार-रविवार जातील आणि डोळेही चुका करू लागतील.

कुठे थांबायचं

शेअर विभाजन, बोनस, विलीनीकरण, कंपनीतून कंपनी वेगळी होणं. या ओळींवर माझी स्क्रिप्ट मुद्दाम थांबते आणि त्या मी हाताने लिहिते. ॲपलने ऑगस्ट २०२० मध्ये एकाचे चार शेअर केले. दहा शेअर असलेल्याच्या फाइलमध्ये तीस शेअर रकमेशिवाय जमा झालेले दिसतात. स्क्रिप्टने ती शून्य भावाची खरेदी म्हणून लिहिली, तर एकूण संख्या आणि एकूण खर्च दोन्ही जुळतात, पण त्या तीस शेअरची खरेदीची तारीख आणि खरेदीमूल्य दोन्ही चुकतात. पुढे विकताना नफ्याचा हिशेब त्यावरच उभा राहतो. साध्या विभाजनासाठी सॉफ्टवेअरमधली विभाजनाची सोय वापरा. विलीनीकरण किंवा कंपनी वेगळी होण्यात मूळ खर्च कोणत्या शेअरवर किती वाटायचा, हा कराचा प्रश्न आहे. तो कर सल्लागाराला विचारा, अंदाज करू नका. चुकीच्या आकड्यांवर विवरणपत्र आधीच भरलं गेलं असेल, तर स्क्रिप्ट बाजूला ठेवून पहिला फोन त्यांनाच करा.

मूळ फाइल आणि ब्रोकरचं अधिकृत विवरणपत्र एकमेकांशीच जुळत नसेल, तर तो तुमचा दोष नाही आणि स्क्रिप्टमध्ये ठिगळ लावून झाकायचाही नाही. दोन्ही कागद, तारीख आणि व्यवहाराचा क्रमांक घेऊन ब्रोकरच्या ग्राहक सेवेला लेखी कळवा. तुम्ही न केलेला व्यवहार दिसला तर त्याच क्षणी कळवा, बाकीच्या तपासण्या नंतर.

वहीची फाइलच उघडत नसेल आणि प्रत नसेल, तर तिच्यावर कोणतीही दुरुस्ती चालवू नका. आहे तशी नक्कल करून जाणकाराच्या हातात द्या. स्क्रिप्ट दुसऱ्याने लिहिलेली असेल आणि पाचव्या तपासणीनंतर तिच्यातलं तुम्हाला काही उमगत नसेल, तर प्रोग्रॅमरला बोलवा. एक संध्याकाळ त्याची लागेल, तुमचे चार आठवडे वाचतील.

मदत मागताना अख्खी फाइल कोणालाही पाठवू नका आणि 'फुकट रूपांतर करून देतो' म्हणणाऱ्या संकेतस्थळांवर तर चढवूच नका. त्या फाइलमध्ये तुमचं खातं, तुमची मालमत्ता, सगळं असतं. शीर्षकाची ओळ आणि बिघडणाऱ्या चार-पाच ओळी टेक्स्ट एडिटरमध्येच कापून घ्या. खाते क्रमांकातले अंक बदला, पण त्यांची लांबी, पुढची शून्यं, स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हं होती तशीच ठेवा, कारण दोष बहुधा त्यांच्यातच असतो. खाते क्रमांक फाइलच्या नावातही असतो, तेवढा पाठवण्याआधी बदला.